पाणी पाठीमागून येतं: नऊ दिवसांच्या एका सहलीचा प्रकरण अभ्यास

निघायच्या आदल्या रात्री मी जो तक्ता छापला त्यात नऊ दिवस, चौदा ठिकाणं आणि मुलांनी भरायचे अकरा कामाचे कागद (वर्कशीट) होते. परतलो तेव्हा पाच ठिकाणं बघून झाली होती, दोन कागद भरले होते आणि धाकट्याची एक चप्पल समुद्रात गेली होती. थोरलीच्या वहीत मात्र त्या तक्त्यात कुठेच नसलेल्या एका खडकाचे पाच नकाशे होते. सहल फसली म्हणावी तर तसं नाही, आणि जमली म्हणावी तर ठरवलेलं फारसं काही झालं नाही. हे दोन हिशेब जुळत का नाहीत, ते बघण्यासाठी हे लिहून काढलं.

आम्ही कोण, काय ठरवलं होतं

आम्ही चौघं. थोरली 11 वर्षांची, धाकटा 7 वर्षांचा. थोरली दोन वर्षं शाळेत गेली, मग आम्ही तिला घरी शिकवायला घेतलं. धाकट्याने शाळा बाहेरूनच पाहिली आहे. शिकवण्याचं बरंचसं माझ्याकडे. गणित आणि मोडतोड-जोडाजोडी बाबाकडे.

होमस्कूलिंग करणाऱ्या घरांमध्ये साधारण दोन टोकं दिसतात. एका टोकाला शार्लट मेसन (1842–1923) या इंग्लिश शिक्षिकेची पद्धत: छोटे छोटे धडे, ठरलेला क्रम, दुपारनंतर मुलं मोकळ्या हवेत आणि प्रत्येकाची स्वतःची निसर्गवही. दुसऱ्या टोकाला जॉन होल्ट. ते अमेरिकेतले शाळामास्तर, पुढे शाळेवरच विश्वास न उरलेले. 1977 मध्ये त्यांनी मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक सुरू केलं. मूल ज्याच्या मागे जाईल त्याच्या मागे आपण जावं, असा त्यांचा कल. आमचं घर सोमवार ते बुधवार मेसनबाईंचं असतं आणि गुरुवारी सगळे थकले की होल्टसाहेबांचं होतं.

कायद्याचं एका वाक्यात सांगते, कारण लोक आधी तेच विचारतात. जर्मनीत मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं आहे, फ्रान्समध्ये 2022 पासून घरी शिकवायला आधी परवानगी लागते, अमेरिकेत राज्याराज्याचे नियम वेगळे. तेव्हा लांब जाण्याआधी आपापल्या ठिकाणचं काय ते बघून घ्यावं. आम्हाला नऊ दिवसांसाठी कुणाला विचारायची गरज नव्हती.

समुद्रकिनाऱ्याची निवड मुलांचीच. पण एकदा "समुद्र" हे ठरल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली. दीपगृह, खाडी, किल्ला, खारफुटी, संग्रहालय, सूर्यास्त बघायची जागा असं करत यादी चौदावर गेली. बहुतेक ठिकाणांसाठी प्रश्न, रिकाम्या जागा, चित्राची चौकट. वर्षाअखेरीच्या फाइलमध्ये हे कागद किती छान दिसतील, हेही माझ्या डोक्यात होतं, ते आत्ताच कबूल करते.

पिशवीतली खुडबुड

पहिले दोन दिवस आम्ही खरोखर तक्त्याप्रमाणे वागलो. गाडीतून उतरायचं, बघायचं, कागद काढायचा, "चला, उशीर होतोय" म्हणायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की मुलं उतरल्या उतरल्या विचारतात, "इथे किती वेळ आहे?" वेळ कमी असेल तर ती कशातच हात घालत नव्हती. मोठी माणसंही असंच करतात. गाडी सुटायला दहा मिनिटं असली की कुणी पुस्तक उघडत नाही.

धाकट्याने तेवढ्या तुकड्या-तुकड्यांच्या वेळात एक काम केलं होतं: शंख गोळा केले होते. रात्री दिवा मालवल्यावर कोपऱ्यातल्या पिशवीतून खुडबुड ऐकू यायला लागली. उंदीर असेल म्हणून बाबाने पिशवी उचलली, तर एक शंख दुसऱ्या शंखांवर चढत होता. हर्मिट क्रॅब. या खेकड्याचं पोट मऊ असतं, त्याच्यावर कवच नसतं, म्हणून तो मेलेल्या गोगलगायींच्या रिकाम्या शंखात शिरून राहतो. वाढला की शंख घट्ट होतो आणि मोठं घर शोधावं लागतं. कधी कधी एका मोठ्या रिकाम्या शंखाभोवती अनेक खेकडे लहानमोठ्या क्रमाने रांग लावतात. पहिला नव्या घरात गेला की त्याचं जुनं दुसरा घेतो, दुसऱ्याचं तिसरा.

हे मी टॉर्चच्या उजेडात, रात्री साडेनऊला, भिजलेल्या वाळूवर उभी राहून सांगत होते, कारण धाकट्याने "आत्ताच सोडायचा" म्हणून भोकाड पसरलं होतं. सोडला. मग त्याने उरलेली पिशवी बघितली. त्यात एकोणीस शंख होते, सगळे रिकामे, सगळे सुंदर. "म्हणजे ही त्यांची घरं आहेत." मी काही बोलले नाही. त्याने ते एकेक करून पाण्याच्या कडेला ठेवले. त्यातला एक, फुटका, त्याने परत खिशात घातला. फुटक्यात कुणी राहणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. मला तो पटला.

तिसरा दिवस

या प्रकरणाचा मूळ प्रसंग हा. तक्त्यात तिसऱ्या दिवसासमोर लिहिलं होतं: "संध्याकाळ: खडकांवरून सूर्यास्त." पुळणीच्या टोकाला, पाण्यात शिरलेला खडकांचा एक पट्टा होता. चारच्या सुमारास आम्ही कोरड्या वाळूवरून चालत तिथे पोचलो. डबकी, शेवाळ, चिकटलेले जीव. मुलं पहिल्यांदाच पसरली. आम्ही दोघं समुद्राकडे तोंड करून बसलो. पाणी अजून लांब दिसत होतं.

खडकावरचे शिंपले खरवडून काढणारी एक म्हातारी बाई साडेचारला आवराआवर करून निघाली. जाता जाता म्हणाली, "बाई, निघा आता. पाणी पुढून येत नाही हो, पाठीमागून येतं." मी म्हटलं, "हो मावशी, निघतोच." आणि आम्ही बसून राहिलो. सूर्यास्ताला अजून दीड तास होता. मनात हेही होतं की पाणी समोर इतकं लांब आहे, आलं तर दिसेलच की.

सव्वापाचला थोरली म्हणाली, "आई, आपण आलो तो रस्ता कुठंय?"

पुळण सरळ उतरत नाही. आम्ही ज्या कोरड्या वाळूवरून आलो होतो ती खडकाच्या आणि किनाऱ्याच्या मधली खोलगट चर होती. भरतीचं पाणी बाजूने त्या चरीत आधी शिरतं. खडकाच्या समोरची उंच वाळू नंतर बुडते. समोरचा समुद्र अजून लांबच होता आणि आमच्या पाठीमागे ओढा वाहत होता.

बाबाने आधी एकट्याने जाऊन बघितलं. त्याला गुडघ्याच्या थोडं वर लागलं. मग धाकटा खांद्यावर, थोरली माझा हात धरून, असे निघालो. मध्यावर तिच्या कमरेपर्यंत पाणी होतं आणि बाजूने ओढ जाणवत होती. ती एक शब्द बोलली नाही. नखं मात्र माझ्या मनगटात रुतली होती. चप्पल कधी गेली ते कुणालाच कळलं नाही. किनाऱ्यावर येऊन मागे बघितलं तेव्हा सूर्य अजून चांगला वर होता.

त्या रात्री आम्हा दोघांत जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते: भरती-ओहोटीचं कोष्टक खोलीच्या दारामागे लावलेलं होतं. तीन दिवस आम्ही त्यावर टॉवेल अडकवत होतो.

कोष्टक

चौथ्या दिवशी सकाळी कुणीच कुठे जायचं नाव काढलं नाही. थोरलीने टॉवेल काढला आणि कोष्टक वहीत उतरवून घेतलं. भीती वाटली की ती आकड्यांकडे जाते, हा तिचा स्वभाव. पहिल्या दिवसाची दुपारची ओहोटी 12:40 ला, दुसऱ्या दिवशी 13:50, तिसऱ्या दिवशी 15:00. आम्ही चारला पोचलो होतो, म्हणजे पाणी वळून तासभर झाला होता.

मी मास्तरकी केली: "भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा येते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला ती जादा मिनिटं लागतात. म्हणून एका भरतीपासून पुढची भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी."

तिने वही माझ्यासमोर धरली. "सत्तर आहे. इथेही सत्तर. मग साठ, पन्नास, पंचेचाळीस, चाळीस, चाळीस. पन्नास एकदाच आहे."

खरंच होतं. मला उत्तर येत नव्हतं. "सरासरी असते गं" म्हणून वेळ मारून नेली. सरासरी काढली तर 375 भागिले सात, म्हणजे साधारण साडेत्रेपन्न. माझी अब्रू थोडी वाचली. पण उशीर कमी-कमी का होत जातो, हा प्रश्न तसाच. त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून वाचलं. भरती एकटा चंद्र आणत नाही. चंद्रामुळे येणारी लाट सुमारे 12 तास 25 मिनिटांची, सूर्यामुळे येणारी बरोबर 12 तासांची. सूर्याची चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी. पौर्णिमा-अमावास्येला दोन्ही एकावर एक येतात, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास एक वर असते तेव्हा दुसरी खाली, तो भांग. दोन वेगवेगळ्या तालांची बेरीज होते तेव्हा मोठं शिखर थोडं अलीकडे-पलीकडे सरकतं. म्हणून भांगाच्या दिवसांत रोजचा उशीर वाढतो, उधाणाजवळ घटतो. आम्ही अष्टमीला पोचलो होतो आणि पौर्णिमेकडे चाललो होतो.

यातून आणखी एक गोष्ट बाहेर पडली, ती तिनेच काढली. तिसऱ्या दिवशीचं पाणी भांगाचं होतं, पंधरवड्यातलं सगळ्यात दुबळं. "पौर्णिमेला गेलो असतो तर?" बाबा म्हणाला, "तर मावशींचं ऐकलं असतं." ती हसली नाही.

माझा तक्ता त्याच दिवशी गेला. मी काही विचारपूर्वक टाकला असं नाही. दिवसाला एकच वेळ पक्की उरली, ओहोटीची, आणि तीही रोज सरकणारी. बाकीचं तिच्या आजूबाजूला बसवायचं. दीपगृह सकाळी नऊला आणि संग्रहालय अकराला, हे त्यात बसेना.

पायऱ्या

सातव्या दिवशीचा प्रयोग थोरलीने स्वतः ठरवला. गावच्या जुन्या धक्क्याला पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. पहाटे 5:50 ला ओहोटी, बाराच्या सुमारास भरती. दर तासाला किती पायऱ्या बुडाल्या ते मोजायचं. पुळणीवर काठ्या रोवून चालणार नाही, कारण उतार सगळीकडे सारखा नसतो. पायऱ्यांची उंची मात्र जवळजवळ सारखी. हा मुद्दा बाबाचा, पण त्याने तो प्रश्न म्हणून विचारला होता आणि उत्तर तिने दिलं.

पहिल्याच तासाला अडचण आली. लाट येते आणि जाते, मग पाणी "किती" म्हणायचं? तिने दहा लाटा बघून मधली पायरी धरायचं ठरवलं. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं, तिथे उतरायला बंदी, म्हणून वरूनच बघायचं. दोघं जण चादर पांघरून बसले होते. मधल्या वेळात ती गोष्टीचं पुस्तक वाचत होती, बाबा फोनवर ऑफिसचं काम करत होता. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा हकिगतींमध्ये बाप नेहमी मोकळाच असतो. तो रजेवर नव्हता. नऊपैकी पाच दिवस अर्धा वेळ काम करत होता. धक्क्यावर नेटवर्क चांगलं येतं म्हणून तिथली पाळी त्याने घेतली, हे खरं कारण.

वहीतले आकडे असे: 1, 2, 3, साडेतीन, 2, 1.

तिला वाटलं होतं सगळे आकडे सारखे येतील. आलेख काढला तर मधोमध उभा चढ आणि दोन्ही टोकांना सपाट. खलाशी लोक याला बाराव्या भागाचा नियम म्हणतात: सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण चढावाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी. नियम ढोबळ आहे, सगळ्या किनाऱ्यांना लागू नाही, पण तिच्या साडेबारा पायऱ्यांना तो चांगला बसला. नियम तिला बाबाने आकडे लिहून झाल्यावर सांगितला. आधी सांगितला असता तर तिने तो फक्त तपासला असता.

मग ती तिसऱ्या दिवसावर आली. ओहोटी तीनला. पहिला तास चारपर्यंत, दुसरा पाचपर्यंत. "आपण सव्वापाचला निघालो. तिसरा तास." तिने त्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल केला. चरीतून येताना ती गप्प होती, त्यानंतरही त्याविषयी बोलली नव्हती. त्या गोलाने मला जे कळलं ते चार दिवसांच्या "घाबरलीस का गं?" या प्रश्नाने कळलं नव्हतं.

धाकट्याचं काय

इथपर्यंत वाचून वाटेल की दोन्ही मुलं वैज्ञानिक झाली. धाकट्याला कोष्टकात काडीचा रस नव्हता. त्याने चार दिवस वाळूत कालवा खणला. रोज तोच कालवा, रोज भरतीने पुसलेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. धरण बांधायचं, फुटलं की आरडाओरडा, परत बांधायचं. कोरडी वाळू ओघळते, ओली टिकते, फार ओली झाली की बसते, एवढं त्याच्या हाताला कळलं होतं. कणांमध्ये पाण्याचे बारीक पूल असतात, ते ओढून धरतात, वगैरे मी सांगायला गेले तेव्हा तो म्हणाला, "आई, तू तिथून बाजूला हो, पाणी अडतंय."

त्याच्या चार दिवसांची नोंद फाइलमध्ये काय करायची, हा मला पडलेला प्रश्न. "अभियांत्रिकी: पाण्याचा दाब" असं लिहिता आलं असतं. होमस्कूलिंगवाल्यांना ही सवय लागते. मुलाने उडी मारली की "शारीरिक शिक्षण", भांडलं की "सामाजिक कौशल्य". लोक सतत विचारतात म्हणून आपणही सतत पुरावे जमवतो. मी शेवटी "वाळूत खेळला, 4 दिवस" एवढंच लिहिलं. ते लिहिताना हात अडखळला, ते एक सोडा.

दोघांचं एकत्र मात्र जमत नव्हतं. तिला शांतता हवी, त्याला माणूस हवं. पाचव्या दिवशी त्याने तिच्या नकाशावर पाणी सांडलं आणि त्यावरून जे झालं ते लांबच्या लोकांनीही ऐकलं असेल. त्यानंतर एक मूल, एक मोठा माणूस अशा जोड्या केल्या आणि दुपारी जोड्या बदलल्या. भावंडांना एकच सहल सारखीच आवडली पाहिजे, हा हट्ट आम्ही घरीही सोडायला हवा होता.

सतरा लिंपेट

आता तो नकाशांचा खडक. चौथ्या दिवशी कोष्टक बघून, परतीची वाट डोळ्यांसमोर राहील असा, किनाऱ्याला लागून असलेला एक खडक आम्ही निवडला. जेवणाच्या टेबलाएवढा. थोरली त्यावर झुकून काय बघत होती ते आधी मला कळलंच नाही. छोट्या टोप्या पालथ्या घातल्यासारखे जीव, लिंपेट. तिने मोजले, सतरा. प्रत्येकाची जागा भेगा आणि डागांच्या खुणेने वहीत काढली.

मोबाइलवर फोटो काढून नाव शोधायची सोय आहे. आयनॅचरलिस्ट 2008 पासून चालू आहे आणि आम्ही ते घरी वापरतो. इथे मी फोन पुढे केला तर ती म्हणाली, "थांब, आधी बघू दे." नाव कळलं की बघणं थांबतं, हा माझाही अनुभव आहे, पक्ष्याचं नाव सापडलं की दुर्बीण खाली येते.

पाचव्या दिवशी सतरा, त्याच जागी. सहाव्या दिवशी सतरा, त्याच जागी. धाकटा म्हणाला, "ती मेलीत." मला वाटलं आता ती सोडून देणार. पण तिला एक खूण दिसली होती: खडकावरच्या शेवाळाच्या पातळ थरात नागमोडी, दातेरी ओरखडे, लिंपेटच्या आजूबाजूला. कुणीतरी खरवडून खात होतं. लिंपेटला जिभेसारखी एक पट्टी असते, तिच्यावर अतिसूक्ष्म दात. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे दात तपासले तेव्हा तोवर माहीत असलेल्या जैविक पदार्थांत ते सर्वांत मजबूत ठरले. त्यात गोएथाइट नावाच्या लोहखनिजाचे तंतू असतात. अनेक जातींची लिंपेट चरायला जातात आणि नेमकी आपल्याच जागी परत येतात. येऊन-जाऊन कवचाची कड आणि खडक एकमेकांना इतके बसतात की खडकावर त्या मापाचा वण पडतो. वाचलं ते हे. पण बघितलं नव्हतं, आणि तिला बघायचं होतं.

आठव्या दिवशी पौर्णिमा होती. संध्याकाळची ओहोटी 18:55 ला. टॉर्च घेऊन गेलो, या वेळी परतायची वेळ आधी ठरवून, गजर लावून. धाकटा यायला तयार नव्हता, मग टॉर्च त्याच्याकडे दिला म्हणून आला. खडकावर उजेड टाकला आणि तोच आधी ओरडला, "घर रिकामं आहे!"

भेगेजवळच्या तीन जागांवर फक्त लंबगोल वण होते, ओले, स्वच्छ. वणांपासून वीतभर अंतरात ती तिन्ही सापडली. कवच किंचित उचललेलं, खालून दोन बारीक शिंगं बाहेर. हलताना दिसत नव्हती. बघत राहिलं की आधी होतं तिथे नाही एवढंच कळे, घड्याळाच्या तासकाट्यासारखं. चौघंही गुडघ्यावर बसलो होतो. किती वेळ, ते सांगता येत नाही; गजर झाला तेव्हा मुलांनीच उठून वाट धरली, मला हाक मारावी लागली.

डार्विनने डाउन गावच्या घरी नर भुंग्यांच्या रोजच्या फेऱ्यांचा माग काढायला स्वतःच्या मुलांना एकेका जागी उभं केलं होतं. भुंगा आला की त्यांनी ओरडायचं. मोठ्या माणसाला खरोखर न येणारं उत्तर शोधायला मूल मदत करतं, तेव्हा त्याची बसण्याची पद्धतच वेगळी असते. कामाच्या कागदावरच्या प्रश्नांची उत्तरं मला येत होती आणि मुलांना ते माहीत होतं. लिंपेट परत येणार का, हे त्या रात्री आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

हिशेब

झालेलं नुकसान आधी. गणिताचं पुस्तक नऊ दिवस मागे पडलं आणि पुढे दोन आठवडे तसंच राहिलं. धाकट्याने नऊ दिवसांत वाचन म्हणून काही केलं नाही. संग्रहालय राहिलं, ते मला अजून टोचतं. इतर मुलांशी खेळणं जवळजवळ झालं नाही. किनाऱ्यावर तीन मुलं होती, धाकट्याने एक दिवस त्यांना कालव्यावर कामाला लावलं, बस. आणि तिसऱ्या दिवसाचा धोका "शिकवण देणारा अनुभव" म्हणून मी जमेच्या बाजूला मांडणार नाही. ती आमची चूक होती आणि पाणी थोडं जास्त असतं तर हे लिखाण झालं नसतं.

जमेच्या बाजूला काय, ते ठरवायला मला वेळ लागला. होमस्कूलिंगमुळे आम्हाला सर्वांत मोठी मिळकत कसली असेल तर वेळेची. ओहोटी रविवार बघून येत नाही. मंगळवारी पहाटे सहाला धक्क्यावर बसायला जे घर मोकळं आहे तेच ती गाठू शकतं. हा वेळ हाताशी असताना मी तो निघण्याआधीच चौदा ठिकाणांत वाटून टाकला होता. एकाच खडकाकडे पाच वेळा जाणं तक्त्यात लिहिलं असतं तर मलाच तो वेळेचा अपव्यय वाटला असता. पहिल्या तीन खेपांना तिथे काहीच घडलं नाही. चौथ्या खेपेला जे दिसलं ते दिसायला आधीच्या तीन खेपांचे नकाशे लागले. नाहीतर कुठलं घर रिकामं आहे ते कळलंच नसतं.

पुढच्या वेळी करायचे बदल आम्ही लिहून ठेवले आहेत. कोष्टक आधी, मुक्काम नंतर. एकच किनारा, बघायची ठिकाणं फार तर तीन. पलटलेला दगड होता तसा परत ठेवायचा, रिकामे शंख तिथेच सोडायचे. कामाचे कागद न्यायचे नाहीत, कोऱ्या वह्या न्यायच्या, आणि त्यातलं शुद्धलेखन मी तपासायचं नाही. शेवटची अट थोरलीची.

नवव्या दिवशी निघायच्या आधी, सकाळी 7:10 च्या ओहोटीला, आम्ही खडकावर गेलो. तीनपैकी दोन लिंपेट आपापल्या वणावर चपखल बसली होती. तिसरं कुठेच सापडलं नाही. थोरलीने पाचवा नकाशा काढला, रिकाम्या वणापुढे प्रश्नचिन्ह केलं. धाकट्याने खिशातला फुटका शंख काढून त्या वणाशेजारी ठेवला. ते दुसऱ्या जातीचं आहे, ते यात राहणार नाही, हे मी सांगणार होते, तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला.